सोलापुरातला निवांत शेवटचा दिवस: गाडीने फिरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, विजापूर असा चार-पाच दिवसांचा फेरा मारून बहुतेक गाड्या शेवटच्या मुक्कामाला सोलापुरात येतात. दुसऱ्या दिवशी घर गाठायचं असतं आणि हातात अर्धा-पाऊण दिवस उरतो. त्या दिवसाबद्दल लोक जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

शेवटच्या दिवशी नेमकं किती ठेवावं?

शहरातली एक फेरी आणि शहराबाहेरचं एकच ठिकाण. तेही परतीच्या रस्त्यावरचं. हा नियम पाळला की बाकीचं आपोआप जमतं. घोळ होतो तो नकाशा पाहून: अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, नळदुर्गही तेवढंच, म्हणजे तिन्ही उरकू, असा हिशेब मांडला जातो. पण ही ठिकाणं शहराच्या तीन दिशांना आहेत. प्रत्येक वेळी शहरात परत यायचं म्हटलं तर अडीचशे किलोमीटर धावणं इथेच होतं. घरचा रस्ता त्यानंतर सुरू होतो, आणि चालक तोवर दमलेला असतो.

शहरातली फेरी मात्र आटोपशीर आहे. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, पार्क चौक, चार पुतळे, इंद्रभुवन आणि नवी पेठ हे सगळं चालत होण्यासारखं आहे. गाडी एकदा लावली की दुपारपर्यंत तिला हात लावायची गरज नाही.

कुठल्या दिशेला जाणाऱ्याने कुठलं ठिकाण धरावं?

पुण्या-मुंबईकडे जात असाल तर वाटेत फार वळू नका. लांबोटीला चहा आणि मक्याचा चिवडा घ्या. फार तर भिगवणला उजनीच्या फुगवट्याजवळ थांबा. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. होडीने पक्षी बघायचे तर सकाळ हवी, शेवटच्या दिवशी तुम्ही दुपारनंतर पोचणार, तेव्हा पक्ष्यांच्या आशेपेक्षा माशांच्या जेवणाची आशा धरलेली बरी.

हैदराबादकडे जाणाऱ्यांसाठी नळदुर्ग आहे. किल्ला महामार्गाला लागूनच असल्याने वाकडी वाट पडत नाही. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला आहे. बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात ते पाणी भरून वाहू लागलं तरच. मार्च-एप्रिलमध्ये धबधब्याचे फोटो मनात ठेवून गेलात तर कोरडी भिंत दिसेल. उपळी बुरुजावर मात्र कधीही चढावं, सगळा किल्ला एका नजरेत येतो. दोन ते अडीच तास धरा.

विजापूरकडे जाणाऱ्यांनी हत्तरसंग कुडल चुकवू नये. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

कोल्हापूर-सांगलीकडे निघालेल्यांना मंगळवेढ्याच्या रस्त्यावर भीमेकाठी माचणूर लागतं. सिद्धेश्वराचं देऊळ, घाट आणि औरंगजेबाच्या छावणीच्या काळातला किल्ला. हा बादशहा इथे काही वर्षं तळ देऊन होता, हे त्या शांत घाटावर बसून खरं वाटत नाही. तासाभरात होतं. पुढे मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचं आणि मालदांडी ज्वारीचं गाव.

बार्शीकडे नान्नजचं माळढोक अभयारण्य, कलबुर्गीकडे अक्कलकोट, धाराशिव-बीड-संभाजीनगरकडे तुळजापूर. तुळजापूरला मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी, पौर्णिमेला आणि नवरात्रात गर्दी असते. अक्कलकोटला गुरुवारी. ज्या दिवशी घर गाठायचं आहे त्या दिवशी दर्शनाची रांग किती वेळ खाईल हे आपल्या हातात नसतं, म्हणून देवदर्शन फेऱ्याच्या सुरुवातीला ठेवा आणि शेवटच्या दिवसासाठी उघडी, बिनरांगेची ठिकाणं राखा.

दिवस कसा लावावा? वेळा सांगा.

साडेसहाला सिद्धेश्वर मंदिर. साडेसातला तलावाच्या कडेने एक फेरी आणि नाश्ता. मग किल्ला, दीड तास. साडेदहाला चार पुतळे आणि इंद्रभुवन बाहेरून बघत नवी पेठ, तिथे चादरी, टॉवेल, चटणी यांची खरेदी. साडेबाराला जेवण. दीड-दोनला शहर सोडायचं. उन्हाळा असेल तर किल्ला मंदिराच्या आधी ठेवण्याचा मोह होतो, पण क्रम बदलू नका. देवळात अनवाणी चालायचं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये नऊनंतर तिथल्या दगडी फरशीचे चटके बसतात. किल्ल्यात पायात चपला असतात आणि झाडांची सावलीही मिळते. किल्ल्याचा दरवाजा कितीला उघडतो हे देवळाबाहेरच्या फुलवाल्याला विचारून घ्या, म्हणजे नाश्ता त्याप्रमाणे मागेपुढे करता येतो.

सिद्धेश्वर मंदिरात काय बघायचं? दर्शनापलीकडे काही आहे का?

मंदिर तलावाच्या पाण्यात आहे, पुलासारख्या वाटेने आत जायचं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची समाधी इथे आहे. ते शरण म्हणजे लिंगायत संतांच्या परंपरेतले, त्यांची वचनं म्हणजे छोट्या रचना कन्नडमध्ये आहेत, आणि तलाव त्यांनीच खोदवला असं इथे मानतात. शहरभर त्यांनी अडुसष्ट लिंगं स्थापली अशी श्रद्धा आहे. सोलापूरच्या बोळांमधून फिरताना मध्येच एखाद्या घराला किंवा दुकानाला खेटून छोटं शिवमंदिर दिसतं, त्यातली बरीचशी या अडुसष्टांपैकी. दर्शन झालं की किल्ल्याच्या बाजूच्या काठावर जा. सकाळी तिथून देऊळ आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब दोन्ही मिळतं. ऊन पाठीशी की समोर, एवढं बघून जागा बदला.

जानेवारीत आलो तर?

मग दिवसाचा आराखडा वेगळा. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा असते, तिलाच गड्डा म्हणतात. सात नंदीध्वज मिरवणुकीने निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं आणि दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होमविधी. नंदीध्वज म्हणजे उंच, जड काठ्या. त्या कमरेला पट्टा बांधून तोलत न्यायच्या असतात, आणि ते बघायला पांढऱ्या बाराबंदीतला अख्खा गाव रस्त्यावर उतरतो.

या दिवसांत मंदिराच्या आसपासचे रस्ते गाड्यांना बंद असतात आणि होम मैदानावर दुकानं-पाळणे लागलेले असतात. मुक्काम बाहेरच्या बाजूला, पुणे नाका किंवा होटगी रस्त्याकडे घ्या आणि आत रिक्षाने या. मुख्य विधी संपले तरी गड्ड्याची जत्रा पुढे बरेच दिवस चालते. गर्दी नको पण रंगत हवी असेल तर विधींनंतरचा आठवडा चांगला. वैशाखातली शांतता मनात धरून संक्रांतीला गाडीसकट आलात तर सकाळ वाहतुकीतच जाईल.

भुईकोट किल्ल्यात खरंच काही आहे, की नुसती बाग?

आहे, पण फलकांच्या भरवशावर जाऊ नका. काय शोधायचं ते ठरवून जा.

किल्ला बहमनी काळातला. डोंगर नाही, म्हणून संरक्षण पाण्याने आणि भिंतींनी केलेलं: एका अंगाला तलाव, बाकीच्या बाजूंना खंदक आणि एकामागे एक दोन तटबंद्या. बाहेरची भिंत ओलांडून आत आलेला शत्रू दोन भिंतींच्या मधल्या पट्ट्यात अडकतो आणि आतल्या उंच तटावरून त्याच्यावर मारा करता येतो. दरवाजेही एका रेषेत ठेवलेले नाहीत, वळणावळणाने आत जावं लागतं, म्हणजे हत्ती धावत येऊन दाराला धडक देऊ शकत नाही. हे एकदा डोळ्याला कळलं की पुढच्या प्रत्येक भुईकोटात हाच डाव ओळखता येतो.

आत गेल्यावर जुन्या देवळाचे कोरीव खांब आणि अवशेष बघा. तटाच्या दगडांतही मध्येच शिल्पाचा तुकडा उलटा-आडवा बसवलेला सापडतो. लहान मुलांना 'असे पाच तुकडे शोधा' असं काम दिलं की तास निघून जातो. मे १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांच्या फौजेने हा किल्ला घेतला. मराठी सत्तेच्या शेवटच्या लढायांपैकी ही एक.

तटावर जिथे कठडा नाही तिथे कडेला उभं राहून फोटो काढू नका, जुना चुना सुटलेला असतो. पावसानंतर दगडांवर शेवाळ धरतं, गुळगुळीत तळव्याच्या चपला घालू नका. तिकीट थोडकंच आहे, पण सुटे पैसे आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय दोन्ही जवळ ठेवा.

चार पुतळे म्हणजे कोणाचे?

मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांचे. मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी इंग्रज सत्तेला असं काही जेरीला आणलं की काही दिवस शहराचा कारभार लोकांच्याच हातात होता. त्यानंतर मार्शल लॉ लागला, आणि या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी अशी ही चार नावं शेजारी शेजारी वाचली की गिरणगाव सोलापूर कसं होतं हे कळतं. थांबायला पाच मिनिटं पुरतात. आणखी अर्धा तास असेल तर भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक बघा. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करत १९४२ साली तिथेच गेला.

इंद्रभुवनात महापालिका आहे. कोरीवकाम बाहेरून नीट दिसतं.

सोलापुरी चादर खरी कशी ओळखायची?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टॉवेललाही आहे. तरीही 'सोलापुरी' असं लिहून बाहेरच्या राज्यांतल्या मागांवर विणलेला माल विकला जातो, कधी कधी सोलापुरातच. दुकानात उभ्या उभ्या करता येणाऱ्या तपासण्या अशा.

पहिली तपासणी मागच्या बाजूची. खरी चादर जॅकार्ड म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर दुहेरी विणलेली असते. पुढे तांबड्यावर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्यावर तांबडा मोर दिसला पाहिजे, तितकाच स्पष्ट. मागची बाजू फिकट, धूसर किंवा कोरी असेल तर ती छापलेली आहे. ही एकच तपासणी केलीत तरी निम्मी फसवणूक टळते.

दुसरी सुताची. कडेचा एक सुटा धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडीपेटीने जाळा. सूत कागदासारखं जळतं, त्याची मऊ राख होते. धागा वितळून त्याची कडक काळी गोळी झाली तर त्यात पॉलिस्टर आहे. पॉलिस्टर मिसळलेली चादर स्वस्त आणि हलकी असते, पण घाम शोषत नाही, आणि सोलापुरी चादर उन्हाळ्यातही अंगावर सुखावते ती नेमकी या शोषण्यामुळे.

तिसरी रंगाची. पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर जोरात घासा. किंचित रंग लागणं चालतं, रुमाल लालभडक झाला तर चादर ठेवून द्या.

चौथी मापाची. एकेरी चादर साधारण ६० बाय ९० इंच असते. दुकानात टेप मागा. घडीवर लिहिलेलं माप आणि प्रत्यक्ष माप यात चार-पाच इंचांचा फरक पडतो तेव्हा भाव बरोबर वाटतो आणि पाय उघडे राहतात. एकाच मापाच्या दोन चादरी दोन हातांत घेऊन वजनही तोला. जड ती घट्ट विणीची.

लेबलवर उत्पादकाचं नाव आणि पत्ता असावा. नुसतं 'सोलापूर' एवढंच छापलेलं असेल तर भावात घासाघीस करण्यापेक्षा दुकान बदला.

चादरी कुठे घ्याव्यात?

दोन-चार घ्यायच्या असतील तर नवी पेठ आणि मधला मारुती परिसर. निवड भरपूर, आणि चालत जाता येतं. डझनाने घ्यायच्या असतील, लग्नात आहेर म्हणून वगैरे, तर अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांची स्वतःची विक्री केंद्रं आहेत. तिथे किरकोळ डाग किंवा विणीची चूक असलेला दुय्यम माल वेगळा ठेवलेला असतो. चूक कुठे आहे ते दाखवायला सांगा, बऱ्याचदा ती घडी घातली की दिसतही नाही. तेवढ्यासाठी शहराची दुसरी बाजू गाठायची का, हे दिवसाच्या हिशेबाने ठरवा. दोन चादरींसाठी तो फेरा परवडत नाही.

माग चालताना बघता येतो का?

विचारलं तर बहुतेक ठिकाणी येतो. साखर पेठ, अशोक चौक या पूर्व भागात गल्लीबोळांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग वसवला. दारात उभं राहून मालकाला किंवा मुकादमाला विचारा, थेट आत शिरू नका. आत जॅकार्डच्या चौकटीवरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी फिरत असते. जिथे भोक आहे तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे तो खाली राहतो, आणि त्या फटीतून धोटा बाणा घेऊन पलीकडे जातो. मोराचा पिसारा म्हणजे या भोकांचा हिशेब. मुलांना हे समजावून सांगा, बाकी काही सांगायची गरज पडत नाही.

आवाज फार असतो, तान्ह्या बाळाला आत नेऊ नका. ओढणी, पदर, मोकळे केस आवरून घ्या. नव्या नक्षीचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, नक्कल होण्याची भीती खरी असते.

घरी गेल्यावर चादर आणि टॉवेल कसे धुवायचे?

चादर पहिल्या तीन धुण्यांना एकटी, गार पाण्यात, सौम्य साबणाने. रात्रभर भिजत घालू नका, अर्धा तास पुरे. भिजत राहिली की गडद रंग पांढऱ्या भागात उतरतो आणि मग तो निघत नाही. ओली चादर खूप जड होते. सहा किलोच्या मशीनमध्ये एका वेळी एकच टाका, नाहीतर फिरकी घेताना मशीन थडथडतं. वाळत घालताना सावली बघा.

नवा टॉवेल पाणी टिपत नाही म्हणून लोक नाराज होतात. त्यावर विणताना लावलेली खळ आणि वरून मऊपणासाठी दिलेला थर असतो. दोन धुण्यांत तो जातो. कपडे मऊ करणारं द्रव्य टॉवेलला वापरलंत तर तोच थर परत चढतो. टॉवेलची एखादी गाठ उसवून लांब दोरा बाहेर आला तर ओढू नका, कात्रीने कापा. ओढलात तर पूर्ण ओळ निसटते.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी प्रवासात टिकते का?

टिकते, नीट भरली तर. चटणी कुटलेली आहे की मिक्सरमधून काढलेली, हे आधी बघा. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ एवढंच साहित्य असतं. उखळात कुटताना दाण्यांचं तेल सुटतं आणि चटणी दाबली की तिचा गोळा धरतो. मिक्सरमधली भुरभुरीत राहते. विकत घेण्याआधी चिमूटभर तोंडात टाकून बघा: शेवटी घशात कडवट-खवट चव आली तर दाणे जुने आहेत.

चटणी बिघडते ती उष्णतेने. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत दोन-तीन तास राहिली तरी तेल खवट व्हायला सुरुवात होते. पिशवी पायाशी, गार हवेत ठेवा, घरी पोचलात की काचेच्या बरणीत काढा. ओला चमचा घालू नका. लसूण कमी असलेली चटणी जास्त दिवस टिकते.

कडक भाकरी पापडासारखी पातळ, तीळ लावलेली, पूर्ण वाळवलेली असते. तिला दोन गोष्टी मारतात: वजन आणि दमट हवा. पुठ्ठ्याच्या किंवा स्टीलच्या सपाट डब्यात भरून सगळ्या सामानाच्या वर ठेवा. पावसाळ्यात मऊ पडली तर मंद तव्यावर कोरडी शेकली की परत कडक होते. खाताना चुरून वर शेंगा चटणी, दही आणि कच्चं तेल, किंवा गरम आमटीत बुडवून. मुंबईकडची मंडळी ती नुसतीच पापडासारखी चावतात आणि मग दाताची तक्रार करतात.

हंगामात डाळिंबं जरूर घ्या, सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहे.

जेवायला कुठे थांबावं?

शाकाहारी असाल तर ज्वारीची भाकरी, शेंगांची आमटी किंवा पिठलं, ठेचा आणि शेवटी शेंगा पोळी असं ताट मागा. पनीर तुमच्या गावीही मिळतं. काळ्या मसाल्याचं मटण आणि भाकरी शहरात ठिकठिकाणी चांगली मिळते. विजापूर वेशीच्या भागात शिगेवर भाजलेलं मटण संध्याकाळनंतर सुरू होतं, म्हणजे ते आदल्या रात्री खायचं. तिखट सोसत नसेल तर 'कमी तिखट' म्हणू नका, 'रस्सा वेगळा द्या' म्हणा. कमी तिखटाची इथली व्याख्या तुमच्यापेक्षा वेगळी आहे.

नाश्त्याला इडली-डोसा उत्तम, आणि कुरमुऱ्यांचा सुशीलाही. पार्क चौकातली चौपाटी संध्याकाळची, सकाळी तिथे काही नसतं.

हुरडा कधी मिळतो?

साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. ज्वारीचा दाणा दुधाळ असतो तेवढेच दिवस. आगटीत कणसं भाजतात, गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढतात, आणि लगेच खातात. पाच मिनिटांनी तो चिवट होतो, म्हणून बांधून नेण्याची वस्तू ही नव्हे. शेतांवर आधी कळवून जावं लागतं. शेवटच्या दिवशी ठेवायचा तर सकाळीच ठेवा आणि दुपारचं जेवण सोडून द्या. हुरडा, गूळ, दही, चटणी असं पोटभर झालं की पुढचे तीन तास गाडी चालवणाऱ्याने हात आखडता घेतलेला बरा. झोप येतेच.

हत्तरसंग कुडल इतकं महत्त्वाचं का?

भीमा आणि सीना यांच्या संगमावरचं हे ठिकाण सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे, विजापूर रस्त्यावरून आत वळावं लागतं. संगमेश्वर मंदिरातल्या दगडी तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. त्यातलं 'वाछि तो विजेया होईवा' हे वाक्य म्हणजे जो हे वाचील तो विजयी होईल. मराठीतल्या अगदी जुन्या, काळ निश्चित असलेल्या शिलालेखांत याची गणना होते. अक्षरं वर आहेत आणि आत अंधार असतो. समोरून उजेड मारलात तर काही दिसत नाही. मोबाइलचा दिवा एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरा, मग अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि ओळ वाचता येते. दगडाला हात, खडू, पाणी काही लावू नका.

शेजारी बहुमुखी शिवलिंग आहे, एका लिंगावर ३५९ मुखं कोरलेली. त्याच्याभोवती सावकाश फिरा, घाईत नुसता दगड दिसतो. आतला रस्ता अरुंद आहे, खायला फारसं मिळत नाही, पाणी बरोबर घ्या. पावसाळ्याच्या शेवटी उजनीतून पाणी सोडलं असेल तर भीमा फुगते. त्या दिवशी संगमावर जाऊ नका.

नान्नजला माळढोक दिसेल का?

जवळजवळ नाही, या अपेक्षेने जा. १९७९ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य माळढोकासाठी आहे, पण हा पक्षी आता क्वचितच दिसतो. दिसतात ते काळवीट, आणि नशीब असेल तर लांडगा, खोकड. शहरापासून सुमारे २० किलोमीटर, बार्शी रस्त्यावर. उजाडताच पोचा. नऊनंतर ऊन चढलं की जनावरं सावलीत बसतात आणि माळावरची हवा थरथरू लागते, दुर्बिणीतूनही धड दिसत नाही. गवत हिरवं ते पिवळं होत जातं तो सप्टेंबर ते जानेवारीचा काळ देखणा. गाडी वाटेवरच ठेवा. गवतात घातलेल्या चाकाखाली जमिनीवरची घरटी जातात.

शहर सोडायच्या आधी गाडीचं काय तपासावं?

चाकातली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो आणि तापलेल्या चाकात हवा जास्त दाखवते. ते बघून दुपारी हवा कमी केलीत तर गार झाल्यावर चाक कमी हवेवर चालतं, आणि टायर फुटायला हेच निमित्त होतं. किती हवा भरायची ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या चिठ्ठीवर असतं, भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा दिलेला असतो. शेवटच्या दिवशी डिकीत चादरी असतात, तोच आकडा बघा.

इंजिन गरम असताना शीतकाचं (कूलंटचं) झाकण उघडू नका, पातळी बाजूच्या डब्यावर दिसते. उन्हात लावलेल्या गाडीत सेंटची बाटली, लायटर, पॉवर बँक ठेवू नका. फास्टॅगमध्ये पैसे आदल्या रात्री भरा: पुण्याच्या वाटेवर सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे नाके लागतात.

दुपारी दोनलाच का निघायचं? संध्याकाळ सोलापुरात घालवून रात्री निघालो तर?

ऊस. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च चालतो. या काळात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या महामार्गावर असतात. मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी उसाखाली झाकलेली असते, आणि बिघडलेला ट्रॅक्टर कधी कधी रस्त्यातच उभा असतो, फार तर मागे दोन दगड आणि एक फांदी. चारपदरी रस्त्यावर शंभरच्या वेगात हे दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर हा टप्पा उजेडात पार पडला पाहिजे.

पुणे २५० किलोमीटर आहे. एक थांबा धरून पाच तास. दोनला निघालात तर सातला हडपसरला पोचता, आणि रविवार असेल तर तिथे आणखी पाऊण तास धरा. उरकलं नाही आणि चार वाजले, तर सरळ एक मुक्काम वाढवा आणि पहाटे पाचला निघा. एका खोलीचं भाडं जातं, पण संध्याकाळची पार्क चौपाटी पदरात पडते.

खोली बाराला सोडायची असते, सामानाचं काय?

आदल्या रात्री विचारा: चोवीस तासांचा हिशेब आहे की बाराचा. चोवीस तासांचा असेल तर तुम्ही आलात ती वेळ पावतीवर लिहून घ्या. बाराचा असेल तर सकाळी सहालाच बॅगा गाडीत भरा, खोली सोडू नका, किल्ल्यानंतर येऊन आंघोळ करा आणि मग सोडा. बॅगा भरताना खाली कपडे, मधे चादरी, वर भाकरीचा डबा. स्टेपनी आणि जॅक यांच्यावर काही ठेवू नका, नाहीतर पंक्चर झाल्यावर अख्खी खरेदी रस्त्याच्या कडेला मांडावी लागते.

इथे लोक 'का बे' म्हणतात, राग मानायचा का?

नाही. सोलापुरी मराठीत कन्नड, तेलुगू आणि दखनी मुरलेली आहे, आणि 'बे' हा सलगीचा शब्द आहे. अनोळखी पाहुण्याला कोणी म्हणत नाही. तिसऱ्या कपाच्या वेळी चहावाला म्हणाला, तर पैसे देताना सुटे शोधण्याची घाई करू नका.